पहिलीचे इंग्रजी बंद झालेले नाही

‘सरकारने निर्णय मागे घेतल्यामुळे मराठी शाळांत पहिलीपासूनचे इंग्रजी आता बंद होणार’ अशा आशयाचा मजकूर पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरत असून, त्याविषयी विचारणा झाल्याने पहिलीचा वर्गशिक्षक या नात्याने हा खुलासा करीत आहे.

राज्य सरकारने २९ जून २०२५ रोजी जे दोन शासन निर्णय रद्द केल्याचे जाहीर केले, ते त्याच वर्षीच्या १६ एप्रिल आणि १७ जूनचे होते आणि त्यांचा वाद पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेचा, म्हणजे हिंदीचा होता. मराठी माध्यमाच्या शाळांत पूर्वी पाचवीपासून शिकवले जाणारे इंग्रजी २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, पहिलीपासून आले. त्या व्यवस्थेला या माघारीने धक्का लागलेला नाही. सेमी-इंग्रजी ही तर निराळीच गोष्ट आहे: तिथे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवतात.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचाही दाखला दिला जातो. त्यात किमान पाचवीपर्यंत, शक्य तिथे, मातृभाषेतून शिकवण्याची शिफारस आहे. परंतु ती माध्यमाविषयी आहे, इंग्रजी हा विषय काढून टाकण्याविषयी नव्हे.

माझे मत विचाराल तर पहिलीत इंग्रजी असावे, पण ते कानावरून यावे. नळाजवळची बादली दाखवून ‘बकेट’ म्हणणारे मूल दोन दिवसांत तो शब्द घरी नेते. तोच शब्द पाटीवर दहा वेळा गिरवायला लावला, की ‘बी’ आणि ‘डी’ची पोटे उलटसुलट होऊ लागतात.