निर्दयपणाच्या आरोपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

माणूस स्वतःच्या निवडींतून घडतो असे मानणाऱ्या अस्तित्ववादाच्या आधारे, आपल्या भावनांना आपणच जबाबदार असतो असे मी लिहिले होते. त्यावरची आपली प्रतिक्रिया लक्षपूर्वक वाचली. तीत मुद्दे बरेच आहेत, पण मला लागले ते एकच वाक्य : ‘ज्याला सकाळी अंथरुणातून उठवत नाही, त्याला तुझे दुःख तूच निवडतोस असे ऐकवणे हा सुखवस्तू माणसाचा निर्दयपणा आहे.’ मतभेदाबद्दल माझी तक्रार नाही. परंतु ज्याच्या आयुष्याविषयी आपल्याला काडीचीही माहिती नाही, त्याला एका फटक्यात सुखवस्तू आणि निर्दय ठरवून मोकळे होणे, याला टीका म्हणत नाहीत.

दुकानात जाऊन वस्तू निवडावी तशी माणूस भावना निवडतो, असे मी कुठेही म्हटलेले नाही. फ्रेंच अस्तित्ववादी तत्त्वज्ञ सार्त्रने १९३९ सालच्या भावनांवरील छोट्या पुस्तकात मांडले ते असे, की जगात मार्ग काढणे अशक्य होते तेव्हा माणूस जगाकडे पाहण्याची रीतच बदलतो, आणि त्या बदलावर त्याचा मनापासून विश्वास असतो. म्हणजे यात ढोंग नाही. पण भावना ही बाहेरून कोसळणारी आपत्तीही नाही.

माझ्या वडिलांच्या अखेरच्या आजारपणात रात्री मी औषधांची पाकिटे पुढ्यात घेऊन गोळ्या ताडून पाहत बसे, आणि एखादी चुकलेली दिसली की भावावर तोंडसुख घेई. त्या गोळीने काही बदलणार नव्हते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. पण राग धरून ठेवला की हातात करण्यासारखे काहीतरी उरले आहे असे वाटे. तो सोडला की वडील जाणार, एवढेच समोर राही. तो राग खरा होता आणि तो माझा होता. हे उमगल्यावरच मला भावाशी वडिलांविषयी बोलता आले. ज्या विचाराने मला त्या दिवसांत सावरले, त्याला आपण निर्दय म्हणता, तेव्हा मला तो शब्द मुकाट्याने गिळता येत नाही.

एक गोष्ट मान्य करतो. परिस्थितीच्या जाचाखाली सर्वांना स्वातंत्र्य सारखे वापरता येत नाही, हे सार्त्रची सहकारी तत्त्वज्ञ सिमोन द बोव्हुआरने १९४७ मध्ये स्पष्टपणे मांडले होते. तिच्यासाठी मी आणखी चार ओळी खर्च करायला हरकत नव्हती. आणि नैराश्याचा आजार हा उपचारांचा विषय आहे, याबद्दल माझ्या मनात कधीच शंका नव्हती. याच्या उलट मत आपण माझ्या तोंडी घातलेत.

अस्तित्ववाद ही महायुद्धानंतरच्या पॅरिसमधली टूम होती, या आपल्या शेऱ्यावर वेळ घालवण्याचे कारण नाही. या विचाराचा पूर्वसूरी मानला जाणारा डॅनिश तत्त्वज्ञ किर्केगार्द याचे चिंतेवरील पुस्तक १८४४ सालचे आहे.

माझे म्हणणे खोडायचेच असेल, तर सार्त्रने १९४५ च्या व्याख्यानात सांगितलेल्या विद्यार्थ्यापासून सुरुवात करा. एकट्या पडलेल्या आईजवळ राहावे की भावाच्या मृत्यूचा सूड घेण्यासाठी लढ्यात सामील व्हावे, हा त्याचा पेच होता. मनाचा कौल घेऊन तो सुटत नाही, कारण आईवर राहण्याइतके प्रेम आहे की नाही हे राहिल्यानंतरच ठरते, असे सार्त्र म्हणतो. हे आपल्याला कुठे चुकीचे वाटते ते लिहा, मी जरूर उत्तर देईन. माझ्या स्वभावाविषयीच्या अंदाजांना मात्र यापुढे उत्तर देणार नाही.