फॉरमॅट मारून टाका!

कॉम्प्युटर एकदाचा गेला की माणूस रडून मोकळा होतो. रॅम, म्हणजे चालू काम तात्पुरतं धरून ठेवणारी मेमरी, खराब झाली की तो जात नाही, नुसता छळतो. पत्ते खेळा, दिवसभर गुण्यागोविंदानं चालेल. काम काढून दहा खिडक्या उघडल्या, की मेमरी भरत भरत त्या बिघडलेल्या चिपपर्यंत पोचते आणि धप्पकन निळा पडदा! त्यावर तक्रार दरवेळी नवी. आज ‘मेमरी मॅनेजमेंट’, उद्या ‘पेज फॉल्ट’, परवा बिचाऱ्या ग्राफिक्स ड्रायव्हरवर आळ. खरं तर कारण रोज बदलतंय, यावरूनच रॅमचा संशय यायला हवा. पण आपल्याकडे सगळ्या दुखण्यांवर काढा एकच: "फॉरमॅट मारून टाका."

दुकानातल्या पोरानं मारलं. विंडोज निम्मं चढलं आणि तिथंच बसलं. "हार्ड डिस्क गेली, काका." मदरबोर्डही जायच्या बेतात आहे, हे त्याला म्हणे पंख्याच्या आवाजावरून कळलं.

शेवटी घरीच कॅबिनेट उघडलं. लेकीच्या कंपासपेटीतल्या स्ट्रॉबेरीच्या वासाच्या खोडरबरानं रॅमच्या दोन्ही पट्ट्यांचे सोनेरी दात घासले, चुरा फुंकला, टक्क वाजेपर्यंत दाबून बसवल्या. यानं मळ जातो. मेलेली चिप उठून बसत नाही. मग पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट लावली. ती मेमरीच्या कानाकोपऱ्यात आकडे लिहिते आणि तेच परत वाचून बघते. १६ जीबी म्हणजे साधारण १३,७०० कोटी बिट, प्रत्येकात एक ० नाहीतर १. सकाळी स्क्रीनभर लाल ओळी!

"एवढ्या कोटींत एखादा चुकला तर चुकला," बायको म्हणाली.

असं कसं? २००३ साली बेल्जियममधल्या निवडणुकीत ब्रसेल्सच्या स्खारबेक भागात एका उमेदवाराच्या खात्यात ४,०९६ मतं फुकट जमा झाली. हा नेमका २ चा बारावा घात, म्हणजे एकच बिट उलटला होता! यंत्रात दोष सापडला नाही. संशय गेला अंतराळातून आलेल्या कणावर.

एकेक पट्टी लावून पाहिल्यावर खिडकीकडची दोषी निघाली. सध्या उरलेल्या ८ जीबीवर भागतंय. चिंता वेगळीच आहे. सोसायटीचे हिशेब याच कॉम्प्युटरवर असतात आणि सी विंगमधले एक काका थकबाकीचा आकडा वर्षभर नाकारताहेत. बेल्जियमची गोष्ट त्यांना कुणी सांगू नका.