"मर्दा, फॉरमॅट मार की!"

लग्नसराई उतरणीला लागली, की कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एखाद्या फोटो स्टुडिओत हे हमखास घडतं. अल्बमसाठी फोटो उघडावा, तर मुंडावळ्यांपर्यंत नवरी झकास आणि नाकाखाली सगळं करडं. शेजारचा नवरदेव जांभळा. दुकानात जमलेल्या चौघांची निदानं तयारच असतात. "व्हायरस शिरलाय बघा." "विंडोज जुनं झालंय." मग एकमताने ठराव पास होतो, "मर्दा, फॉरमॅट मार की!"

या ठरावाला माझा कायमचा विरोध आहे. फॉरमॅटनं पुरावा तेवढा पुसला जातो. गुन्हेगार रॅमच्या, म्हणजे संगणकाच्या कामचलाऊ स्मृतीच्या, खाचेत बसलेला असेल, तर तो नव्या विंडोजचंही स्वागत करायला तयारच असतो.

फोटो अर्ध्यावर बिघडला, तर ते नशीबच म्हणायचं. जेपेग या फोटोच्या फाइलीत पुढचा मजकूर वाचायला मागचा बरोबर वाचलेला असावा लागतो. मध्ये एक बिट, म्हणजे ०चा १ किंवा १चा ०, उलटलं, की खालचं चित्र कोसळतं आणि बिघाड डोळ्यांना दिसतो. हिशेबाच्या फाइलीत तेच बिट गुपचूप काम करतं. युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांना आकडे देणाऱ्या पद्धतीत, 'क' आणि 'ग' यांच्यात एका बिटाचा फरक, म्हणजे खात्यावरच्या काळ्यांचे गाळे होतात. १ आणि ९ यांच्यातही एकाच बिटाचा फरक. येणे बाकी १५,०००ची ९५,००० झाली, तर ती बातमी संगणक देत नाही, काळे स्वतः दुकानात येऊन देतात.

पहिलं काम म्हणजे त्या डिस्कवर काहीही लिहिणं थांबवायचं. डिस्क काढून दुसऱ्या, भरवशाच्या मशीनला लावायची आणि डीडीरेस्क्यू या प्रत काढणाऱ्या प्रोग्रॅमनं तिची अख्खी प्रत घ्यायची. त्याच मशीनवर घेतली, तर प्रतही त्याच रॅममधून जाणार, म्हणजे नासकी. चेकडिस्क किंवा एफएससीके या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रॅमना दुरुस्तीची परवानगी तर अजिबात द्यायची नाही, नुसतं बघायला सांगायचं. खराब रॅमवर दुरुस्ती चालवणं म्हणजे चष्मा फुटलेल्या तलाठ्याला गावाचे सातबारे सुधारायला बसवणं.

मग खरी उलटतपासणी. विंडोजऐवजी लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या पेन ड्राइव्हवरून संशयित मशीन चालू करायचं आणि एकाच मोठ्या फाइलीचा एसएचए-२५६, म्हणजे फाइलीचा अंगठ्याचा ठसा, दोनतीनदा काढायचा. उत्तर दर वेळी वेगळं आलं, तर फाइल बिचारी निर्दोष. वाचणारा खोटं बोलतोय. इथं एक खोच आहे. दुसऱ्यांदा फाइल डिस्कवरून येतच नाही, ऑपरेटिंग सिस्टीम तिची रॅममधली प्रत पुढं करते आणि आपण "जुळलं" म्हणून चहा मागवतो. त्यामुळं रॅम १६ जीबी असेल, तर ४० जीबीची फाइल घ्यावी, नाहीतर मध्ये मशीन बंद करून पुन्हा चालू करावं.

चांगली प्रत कॅमेऱ्याच्या कार्डावर शिल्लक असेल, तर सोन्याहून पिवळं. दोन्ही फाइली सीएमपी या तुलना करणाऱ्या कमांडनं बाइटगणिक ताडून बघाव्यात. इकडं तिकडं एखादंच बिट उलटलेलं, आणि तेही दर वेळी त्याच जागचं, तर बोट रॅमकडं. ४,०९६ बाइटांचे ठोकळेच्या ठोकळे शून्य असतील, तर लिहिता लिहिता लाईट गेली का ते विचारावं. मे महिन्यात वळीव येतो आणि यूपीएसची बॅटरी नुसती शोभेला असते. एका ठरावीक जागेपासून पुढं सगळाच कचरा असेल, तर स्वस्तातल्या '१ टीबी' पेन ड्राइव्हमध्ये तेवढी जागा खरंच आहे का ते तपासावं.

स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिचे, आकडेही बघावेत. ५ आणि १९७ क्रमांकाच्या नोंदी वाढत असतील, तर डिस्कचे सेक्टर, म्हणजे साठवणीचे कप्पे, चाललेत. १९९ क्रमांकाची वाढत असेल, तर आधी डिस्कला जोडणारी साटा केबल बदलावी. पण केबल ही बोंबलणारी जात आहे. तिच्यातली चूक सीआरसी ही पडताळणीची बेरीज पकडते आणि डेटा परत मागवला जातो, म्हणून मशीन अडखळतं, पण सहसा खोटं लिहीत नाही. साध्या रॅमला ईसीसी, म्हणजे चूक पकडून सुधारणारी सोय, नसते, ती मुकाट्यानं खोटी साक्ष देते. माझा पहिला संशय तिच्यावरच. बायोसमधलं, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमधलं, रॅमला जादा वेगानं पळवणारं एक्सएमपी बंद करायचं, मेमटेस्ट ८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवायचा, आणि एक जरी लाल ओळ आली तरी पट्ट्या एकेक करून तपासायच्या. "एवढ्या जीबीत एकच चूक की" असं मालक म्हणतो, तेव्हा त्याला काळे आठवून द्यावेत.

एवढं सगळं निर्दोष सुटलं, तरच ऑपरेटिंग सिस्टीमवर आळ घ्यायचा. २०१८ साली लिनक्स ४.१९वर फाइली नासू लागल्या, तेव्हा एक्स्ट४ या फाइल सिस्टीमला, म्हणजे डिस्कवर फाइली मांडणाऱ्या व्यवस्थेला, सगळ्यांनी धारेवर धरलं. दोष निघाला तिच्याखाली, डिस्ककडं मागण्या पाठवणाऱ्या थरात. २०२३ साली झेडएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टीमच्या नव्या ब्लॉक-क्लोनिंगवर, म्हणजे डेटा पुन्हा न लिहिता फाइलीची प्रत करण्याच्या सोयीवर, असाच आळ आला, आणि चूक आधीपासून मुरलेली निघाली.

अशा वेळी गिट बायसेक्ट, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या बदलांची यादी दर वेळी अर्ध्यावर तोडून दोषी शोधणारी कमांड. हजार बदलांतून दोषी बदल साधारण १० फेऱ्यांत सापडतो, कारण दर फेरीला निम्मे संशयित सुटतात. मात्र एका फेरीत बिघाड नुसता दिसला नाही म्हणून 'चांगलं' असा शेरा मारला, की पुढच्या सगळ्या फेऱ्या भलत्याच गल्लीत शिरतात. म्हणून बिघाड एरवी जेवढ्या वेळात उगवतो त्याच्या तिप्पट वेळ मशीन पळवायचं, आणि दर दहा मिनिटांनी "झालं का?" विचारणाऱ्या मालकाला तोवर रंकाळ्यावर भेळ खायला पाठवायचं.