माळ्यावरचा रंग, गॅरेजमधला रंग

माहेरच्या सोसायटीच्या ग्रुपवर सध्या उरलेल्या रंगावरून जुंपली आहे. दिवाळीआधी घराघरांत रंगकाम झालं, डबे उरले. कुणीतरी त्यातले दोन गुपचूप जिन्याखाली ठेवले आणि घंटागाडीने ते न्यायला नकार दिला. मग ठरलेलं वाक्य आलं: 'परदेशात लोकांना शिस्त असते.' मी अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात राहते, म्हणून साक्षीला मला टॅग केलं.

माझी साक्ष उलटी आहे. इथल्या गॅरेजांमध्येही वर्षानुवर्षं डबे पडून असतात आणि त्यांतला बराचसा रंग कामातून गेलेला असतो. बंद डब्यातला इमल्शन, म्हणजे भिंतींचा पाण्यात मिसळणारा रंग, जागा बरी असेल तर, दहा वर्षांपर्यंत राहू शकतो. पण त्यात पाणी असतं. थंडीत ते गोठलं की रंग भिंतीला धरून ठेवणाऱ्या रेझिनचे बारीक कण एकमेकांना चिकटतात आणि फुटलेल्या दुधासारखा चोथा होतो. मग कितीही ढवळा.

तिकडे माहेरी गोठायची भीती नाही, तिकडचा शत्रू म्हणजे स्लॅबखालचा माळा. झाकण जरा सैल असलं की उन्हाळ्यात पाणी उडून जातं. दुसरा शत्रू जंतू. नळाचं पाणी घालून पातळ केलेला रंग पेंटर परत मूळ डब्यात ओततात, तिथेच गडबड होते, कारण कंपनीने घातलेलं प्रिझर्व्हेटिव्ह मग पुरं पडत नाही. असा डबा उघडल्यावर सडका वास आला तर तो भिंतीला अजिबात लावू नका, खोलीतून तो वास लवकर जात नाही. उरलेला रंग ठेवायचाच असेल तर लहान डब्यात काठोकाठ भरून ठेवा, म्हणजे आत हवा कमी राहते. आणि शेडचा नंबर असलेला स्टिकर जपा. खरं तर रंगापेक्षा तोच जपा, कारण चार-पाच वर्षांत भिंत फिकी पडते आणि जुन्या डब्यातल्या रंगाचं ठिगळ उठून दिसतंच.

ऑइल पेंटची गोष्ट वेगळी. त्यावर साय धरते, ती काढून गाळला की जुना रंगही चालतो. पण चालतो म्हणून लावावा का? भारतात घरगुती रंगातल्या विषारी शिशाला 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा लागू झाली ती नोव्हेंबर 2017 पासून. त्याआधीचा डबा माळ्यावर असेल तर तो खिडकीच्या गजांना किंवा बाळाच्या पाळण्याला लावू नये, तो कितीही छान टिकलेला असो.

आता शिस्तीबद्दल. ऑरेगनने 2009 मध्ये उरलेला रंग परत घेण्याचा कायदा केला आणि 2010 पासून तो अमलात आला. अमेरिकेतलं असं हे पहिलंच राज्य. रंग विकत घेतानाच डब्याच्या आकारानुसार थोडं शुल्क घेतलं जातं. उरलेला रंग घराजवळच्या दुकानात फुकट परत देता येतो, फक्त डबा गळका नको आणि त्यावर लेबल हवं. लोक परत देतात, कारण दुकान वाटेवर आहे आणि पैसे आधीच गेलेले आहेत. याला शिस्त म्हणायचं असेल तर म्हणा.

आपल्याकडे नियम नाहीत असंही नाही. 2016 च्या घनकचरा नियमांत रंगाचे टाकाऊ डबे 'घरगुती घातक कचरा' या वर्गात घातले आणि शहरात दर 20 चौरस किलोमीटरला एक संकलन केंद्र असावं, असं लिहिलं. म्हणजे घंटागाडीने डबे नाकारले, यात तिचं फारसं चुकलं नाही. चुकतं ते पुढे: केंद्र चालवायला पैसे कुणी द्यायचे? प्लास्टिक पॅकिंगची जबाबदारी उत्पादकांवर आहे, पण ती बादलीची, तळाशी उरलेल्या रंगाची नाही.

बादलीची तर आपल्याला काळजीच नको. वीस लिटरची रिकामी बादली बाथरूममध्ये जाते किंवा तिच्यात कढीपत्ता लागतो. उरलेला चांगला इमल्शनही पेंटर पुढच्या घरी घेऊन जातो. इथे ऑरेगनमध्ये गोळा केलेला इमल्शन ट्रकने नेऊन, मिसळून पुन्हा विकण्याचा खटाटोप करतात. त्यापेक्षा आपला पेंटर सरस. ही साखळी मोडून इथली व्यवस्था तिकडे जशीच्या तशी न्यावी, असं मला मुळीच वाटत नाही.

प्रश्न उरतो तो खराब झालेल्या रंगाचा. थोडा इमल्शन असेल तर भुशात किंवा रद्दीवर पसरून वाळवावा, मोरीत ओतू नये. ऑइल पेंट आणि टर्पेंटाइन मात्र वाळवून संपत नाहीत. ते कुणीतरी परत घ्यायलाच हवेत. आणि त्यासाठी नवं काही उभारायला नको. रंग कंपन्या पेंटरसाठी डब्यात टोकन घालतात, ते दुकानात वटतं. कंपनी, दुकानदार आणि पेंटर यांच्यात पैसा फिरायची वाट तयारच आहे. माल खपवायला ती चालते, तर उरलेला माल परत घ्यायला का चालू नये, हे ग्रुपवर एकमेकांना विचारण्यापेक्षा कंपन्यांना विचारा.