‘आई, खिळा चुकव’: चिनी शवपेटीवरच्या एका फॉरवर्डला उत्तर

गेल्या पंधरवड्यात हा फॉरवर्ड माझ्याकडे चार ग्रुपांवरून आला. वर उंच कड्याला चिकटलेल्या लाकडी पेट्यांचा फोटो आणि खाली भलामोठा मजकूर. त्याचं सार असं: चिनी लोकांना शवपेटी ठाऊकच नव्हती, ती मिशनऱ्यांनी नेली. त्याआधी ते प्रेतं डोंगराला टांगत. मेलेला माणूस उड्या मारत घरी परतू नये म्हणून पेटीला खिळे ठोकतात. पेटी इतकी अशुभ, की घरात तिचं नावही काढत नाहीत. आणि आजही सगळा चीन पुरतोच. शेवटी ‘अभिमानाने पुढे पाठवा’. अभिमान नेमका कशाचा, ते लिहिलेलं नाही.

मिशनऱ्यांपासून सुरुवात करू. चीनमध्ये ख्रिस्ती धर्मगुरू पोहोचल्याची पहिली पक्की नोंद इ.स. 635 ची. कन्फ्यूशियस वारला इ.स.पू. 479 मध्ये, म्हणजे त्याच्या अकराशे वर्षं आधी. त्याच्या वचनांच्या संग्रहात शवपेटीवरून झालेलं एक अवघड बोलणं आहे. त्याचा सगळ्यांत लाडका शिष्य यान हुई अकाली गेला. यान हुईचा बाप गुरूकडे आला आणि म्हणाला, तुमचा रथ विका, म्हणजे पोराला ‘ग्वो’ करता येईल. चिनीत इथे दोन शब्द आहेत. ज्यात देह ठेवतात ती ‘ग्वान’ आणि ती ग्वान जिच्यात बसवतात ती बाहेरची ‘ग्वो’. गुरूने नकार दिला. माझा स्वतःचा मुलगा गेला तेव्हा त्यालाही ग्वान होती, ग्वो नव्हती. आणि दरबारी मानकऱ्यांच्या मागून मी पायी चालणं बरं दिसत नाही, असं त्याचं उत्तर. उत्तर कोरडं वाटतं, पण आपला मुद्दा वेगळा. जिथे दुसऱ्या पेटीसाठी रथ विकायची गोष्ट निघते, तिथे पहिली पेटी केव्हाच रुळलेली असणार.

त्या काळात वाद होता तो पेटी किती भारी असावी याचा. मोझी हा विचारवंत म्हणत होता, तीन इंच जाडीची साधी पेटी पुरे, हाडं कुजेपर्यंत टिकली की झालं. झुआंगझी या दुसऱ्या विचारवंताने तर मरताना शिष्यांना सांगितलं म्हणतात, की आकाश आणि धरती हीच माझी ग्वान आणि ग्वो. शिष्य म्हणाले, कावळे-घारी खातील. तो म्हणाला, वर कावळे खातील, खाली मुंग्या. एकाचं काढून दुसऱ्याला देण्यात पक्षपात कशाला! त्याच्याही खूप मागे जायचं तर शिआनजवळच्या बानपो या सहा हजार वर्षांहून जुन्या वस्तीत लहान मुलांना मातीच्या रांजणात पुरलेलं सापडलं. झाकणाला बारीक भोक. आत्म्याला ये-जा करता यावी म्हणून ते ठेवलं असावं, असं अभ्यासक मानतात.

मिशनऱ्यांचा उल्लेख निघालाच आहे, तर सगळ्यांत नावाजलेल्या मिशनऱ्याचं काय झालं तेही पाहू. मातेओ रिची 1610 मध्ये बीजिंगमध्ये वारला. त्याच्या पेटीचा खर्च ली झिझाओ या ख्रिस्ती झालेल्या चिनी अधिकाऱ्याने उचलला. पेटी चिनी पद्धतीने रोगण देऊन बंद केली, त्यामुळे बादशहाकडून जागा मिळून प्रत्यक्ष दफन होईपर्यंत, म्हणजे 1611 पर्यंत, ती ठेवता आली. मिशनऱ्याने चीनला पेटी दिली नाही, चीनने मिशनऱ्याला दिली.

टांगण्याचा मुद्दा दोन ओळींत मिटतो. फोटोत टांगलेलं जे दिसतं त्या शवपेट्याच आहेत, त्यामुळे फॉरवर्डचं दुसरं वाक्य पहिल्याला खोटं पाडतं. शिवाय ही चाल हान चिनी बहुसंख्यांची नाही. सिचुआनमधल्या गोंगश्यान भागातल्या पेट्या बो नावाच्या लोकांच्या. मिंग घराण्याच्या सैन्याने 1573 मध्ये त्यांचं बंड मोडलं आणि पुढे ते नाव इतिहासातून पुसलं गेलं. फुजिआनमधल्या वुयी डोंगरातल्या पेट्या तीन हजार वर्षांहून जुन्या, होडीच्या आकाराच्या, लाकूड कोरून केलेल्या. त्याही दक्षिणेकडच्या वेगळ्या लोकांच्या.

आता खिळे. उड्या मारणाऱ्या प्रेतांच्या गोष्टी चीनमध्ये आहेत, हे खरं. 18व्या शतकातल्या कथासंग्रहांत त्या सापडतात आणि 1980 च्या दशकात हाँगकाँगच्या सिनेमांनी त्यांना डोक्यावर घेतलं. पण खिळ्यांचा उगम तो नव्हे. प्राचीन आचारग्रंथात पेटी बांधायची रीत दिली आहे: लांबीकडून दोन पट्टे, रुंदीकडून तीन. खिळ्यांचा पत्ताच नाही. खिळे नंतर आले, आणि ते ठोकतानाची उत्तर चीनमधली रीत ऐकण्यासारखी आहे. सुतार हातोडा उचलतो, की मुलं पेटीशी वाकून ओरडतात, ‘आई, खिळा चुकव!’ उजवीकडे ठोकताना आईने डावीकडे सरायचं, डावीकडे ठोकताना उजवीकडे. आईला कोंडायला निघालेली मुलं असं सांगतील का?

हुबेई प्रांतात 1978 मध्ये झेंग या छोट्या राज्याच्या यी नावाच्या सरदाराची कबर उघडली. काळ इ.स.पू. 433 च्या आसपासचा. त्याची बाहेरची पेटी ब्राँझच्या चौकटीत बसवलेली, सुमारे 7 टनांची. इतक्या भक्कम पेटीला एक चौकोनी झरोका ठेवलेला आहे, आणि आतल्या पेटीवर दारं-खिडक्या रंगवल्या आहेत. आतल्याला बाहेर जाता यावं, अशीच ही सोय दिसते. (त्याच कबरीत 21 तरुण स्त्रियांच्या पेट्या आहेत, त्याच्याबरोबर पुरलेल्या. जुन्याचं कौतुक करताना हेही विसरू नये.)

‘घरात नाव काढत नाहीत’ यात थोडं तथ्य आहे. परक्याची पेटी पाहिली की तोंड फिरवणारे चिनी लोक आहेत, आपल्याकडेही रस्त्यात तिरडी दिसली की पावलं थबकतातच. पण स्वतःच्या पेटीची गोष्ट निराळी. तिला ‘शौत्साय’ म्हणतात, दीर्घायुष्याचं लाकूड. साठी उलटली की मुलं आईबापांसाठी ती करून घेत, आणि ती घरातच राही, मागच्या खोलीत नाहीतर माळ्यावर. कुठे कुठे तिच्यात धान्यही भरून ठेवत. दर वर्षी रोगणाचा एक हात. हे रोगण म्हणजे एका झाडाचा चीक, आणि ते झाड आपल्या बिब्ब्याच्याच कुळातलं. कच्चा चीक अंगाला लागला, तर बिब्बा उततो तशीच कातडी उठते. वाळला की मात्र पाणी, किडा, कशाला दाद देत नाही. म्हातारा माणूस आपल्या पेटीवर बोट वाजवून लाकूड कसं खणखणीत आहे ते पाहुण्याला दाखवी. अपशकुन असा मिरवत नाहीत.

त्या रोगणाची करामत पाहायची तर चांगशाजवळचं मावांगदुई. 1972 मध्ये तिथे शिन झुई या सरदारपत्नीची कबर उघडली. एकात एक चार पेट्या: बाहेरची काळी, दुसरीवर ढगांत नाचणारे प्राणी, तिसरी लाल, सगळ्यांत आतली रेशमाने आणि पिसांनी मढवलेली. भोवती कोळशाचा आणि पांढऱ्या चिकणमातीचा थर. एकवीसशे वर्षांनंतर तिची कातडी मऊ होती, सांधे वाकत होते, आणि पोटात तिने खाल्लेल्या खरबुजाच्या बिया तशाच होत्या.

शिवाय शब्दाची गंमत. शवपेटीला चिनीत ‘ग्वान्त्साय’ म्हणतात, आणि अधिकारपद आणि धन हे दोन शब्द जोडले तर तेही जवळपास तसंच ऐकू येतं. गुआंग्शीमधलं लिउझोउ शहर पेटीच्या लाकडासाठी इतकं प्रसिद्ध, की ‘जन्मावं सुझोउमध्ये, खावं ग्वांगझोउमध्ये, मरावं लिउझोउमध्ये’ अशी म्हणच आहे. तिथे तळहातावर मावणाऱ्या शवपेट्या भेटवस्तू म्हणून विकतात. बढती व्हावी, पैसा यावा म्हणून लोक त्या टेबलावर ठेवतात.

राहिलं ‘सगळा चीन पुरतोच’. बौद्ध प्रभावाने सोंग घराण्याच्या काळात (10वं ते 13वं शतक) दहन इतकं पसरलं होतं, की राज्यकर्त्यांना बंदी घालावी लागली. आधुनिक काळात माओ आणि इतर नेत्यांनी 1956 मध्ये दहनाच्या आवाहनावर सह्या केल्या, आणि शहरांत आज दहन हाच शिरस्ता आहे. खेड्यांत तो सक्तीने नेला जातो. 2018 मध्ये जिआंग्शी प्रांतात अधिकाऱ्यांनी घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांच्या पेट्या उचलल्या, मोकळ्या जागी ढीग घातला आणि यंत्राने चुरडल्या. टीका इतकी झाली, की सरकारी माध्यमांनीही अधिकाऱ्यांचे कान उपटले. त्या ढिगाऱ्याचे फोटो नेटवर सहज सापडतात. उभ्या फुटलेल्या फळ्या, आणि त्यांच्या बाहेरच्या अंगाला अजून चकाकणारं रोगण.