‘तिघांच्या टीमला गिट कशाला?’ म्हणणाऱ्यांसाठी

सॉफ्टवेअरवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय आणि पर्वरीपासून मडगावपर्यंत बरेच जण त्यावर माना डोलावताहेत. मेसेज थोडक्यात असा: तीन-चार जणांच्या टीमला गिट, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं सॉफ्टवेअर, लागत नाही, रोज संध्याकाळी फोल्डर झिप करून ऑनलाइन ड्राइव्हवर टाकला की झालं. ब्रँच (मूळ कोडला धक्का न लावता बदल करायची वेगळी फांदी), रिव्ह्यू (दुसऱ्याने कोड तपासणं) हे मोठ्या कंपन्यांचे चोचले. शिवाय पावसात नेट गेलं की गिटवाले हात चोळत बसतात.

नेटचा मुद्दा आधी निकालात काढू, कारण तो धडधडीत चुकीचा आहे. कमिट करणं (बदल टिपणीसह नोंदवणं), ब्रँच काढणं, जुना इतिहास बघणं हे सगळं आपल्याच लॅपटॉपवर चालतं. नेट लागतं ते पुश आणि पुल करताना, म्हणजे बदल सर्व्हरवर चढवताना आणि तिथून उतरवताना. लिनस टोरव्हाल्ड्सने २००५ मध्ये लिनक्स कर्नलसाठी गिट लिहिलं, तेव्हा जगभर पांगलेल्या माणसांना आपापल्या जागी काम करता यावं हाच हेतू होता. नेट गेल्यावर खरा अडतो तो ड्राइव्हवाला. झिप चढवणार कुठे?

आता झिपकडे वळू. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजारांपर्यंत भाडं असलेल्या हॉटेलच्या खोल्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. बुकिंगचं सॉफ्टवेअर करणाऱ्या आपल्याकडच्या टीमना हा बदल करावाच लागला. समजा, ऐन डिसेंबरात कळंगुटच्या एका हॉटेलातून फोन येतो: ऑगस्टचं बिल पुन्हा छापलं तर नव्या दराने निघतंय. झिपवाल्याच्या ड्राइव्हवर ‘बुकिंग_२२सप्टें_फायनल’ असते, तिच्या खाली ‘बुकिंग_२२सप्टें_फायनल_हेच घ्या’. बसा एकेक उघडत. गिटवाला त्या ओळीवर ब्लेम चालवतो, म्हणजे ती ओळ शेवटची कुणी, कधी बदलली ते गिटला विचारतो. दर बदलल्याचा कमिट समोर येतो आणि त्यात लिहिलेलं असतं, ‘२२ सप्टेंबरपूर्वीच्या बिलांना जुनाच दर’. म्हणजे घोळ नंतरच्या कुठल्यातरी बदलात झालाय. मग बायसेक्ट लावायचा, तो दर चाचणीला उरलेले कमिट निम्मे करत शोधतो. नीट चालणारी एक आवृत्ती आणि बिघडलेली एक दाखवली, की मधल्या हजार कमिटांतून दहाएक चाचण्यांत गुन्हेगार सापडतो. अर्थात कमिटच्या मेसेजात नुसतं ‘फिक्स’ लिहिणाऱ्यांना ब्लेम तरी काय सांगणार, ही गोष्ट वेगळी.

टीम छोटी म्हणून गरज कमी, हे गणितही उलटं आहे. चाळीस जणांत एकजण चतुर्थीला गावी गेला तर त्याचं काम ठाऊक असलेला दुसरा कोणीतरी असतो. तिघांत नसतो. कमिटमध्ये कारण लिहिलेलं नसेल, तर मग सत्तरी तालुक्यातल्या घरी माटोळी (गणपतीवरचं फळाफुलांचं छत) बांधायला शिडीवर चढलेल्या माणसाला रेंज मिळेपर्यंत फोन करत राहायचं आणि विचारायचं, ‘अरे, ती अट का घातली होतीस?’

रिव्ह्यूत वेळ जातो हे खरं. न केल्यास काय जातं, ते नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर दलाल कंपनीला १ ऑगस्ट २०१२ रोजी कळलं. नवा कोड आठपैकी सातच सर्व्हरांवर चढला, आठव्यावर जुना तसाच राहिला. चढवलेलं काम दुसऱ्या कोणी तपासलं नव्हतं. सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं. आपल्याकडे एवढे पैसे पणाला नसतात, पण ‘सगळीकडे चढलं का?’ हा प्रश्न दोन सर्व्हर असले तरी विचारावाच लागतो.

‘चोचले’ या शब्दात मात्र थोडं तथ्य आहे. गिट-फ्लो या पद्धतीतली डेव्हलप, रिलीज, हॉटफिक्स अशी ब्रँचांची उतरंड तिघांनी रचायची काहीच गरज नाही. ती पद्धत २०१० मध्ये मांडणाऱ्या व्हिन्सेंट ड्रिसेननेच २०२० मध्ये सांगितलं, की सतत अपडेट होणाऱ्या वेब अ‍ॅपसाठी याहून साधी पद्धत वापरा. तिघांना एक मेन ब्रँच, दोन-तीन दिवसांत मिटणाऱ्या छोट्या ब्रँचा आणि प्रत्येक रिलीजला टॅग (त्या आवृत्तीच्या नावाची खूण) एवढं पुरतं. नाताळ ते नववर्ष या दिवसांत बिघाड-दुरुस्ती सोडून काहीही लाइव्ह करायचं नाही, हा नियमही कागदावर असू द्या.

आणि झिपवाल्यांची बॅकअपची सवय मोडू नका, फक्त ती डेटाबेसकडे वळवा. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या गिटचे प्रकल्प ठेवणाऱ्या सेवेत चुकून डेटाबेस पुसला गेला, तेव्हा लोकांच्या रिपॉझिटरी (गिटमधला कोड आणि त्याचा इतिहास) शाबूत राहिल्या, पण डेटाबेसमधला सुमारे सहा तासांचा डेटा गेला. पाहुण्यांची बुकिंगं गिटमध्ये नसतात. त्यांचा बॅकअप रोज वेगळा घ्या आणि महिन्यातून एकदा तो परत चढतो का, तेही बघा.