ब्राऊन काउंटीच्या टेकडीवरून गिरगाव

गिरगावातली आमची चाळ आता पुनर्विकासाला जाणार आहे. घरच्या फोनवर सध्या एकच विषय असतो: काय ठेवायचं आणि काय काढून टाकायचं. पितळेचे हंडे मोडीत गेले, शिसवी कपाट विकलं. आजोबांनी विकत घेतलेलं एक जलरंगातलं निसर्गचित्र मात्र अजून भिंतीवर आहे. भरतीचं पाणी, दोन होड्या, मागे धुरकट मलबार हिल. कोपऱ्यातली सही वाचता येत नाही.

माझा मामेभाऊ कलाशाळेत शिकलेला. तो म्हणाला, “ताई, तुला हवं असेल तर घेऊन जा. पण यात आपलं काय आहे? साहेबाने शिकवलेला जलरंग, साहेबाला आवडणारा देखावा. बॉम्बे स्कूल म्हणजे विलायती धड्याची उजळणी.”

बॉम्बे स्कूल म्हणजे मुंबईतल्या जे. जे. कलाशाळेच्या शिक्षणातून घडलेली चित्रशैली. त्याचं म्हणणं मी झटकून टाकत नाही. जे. जे. स्कूल 1857 चं, बॉम्बे आर्ट सोसायटी 1888 ची. दोन्हींच्या सुरुवातीला अभिरुची ठरवणारे इंग्रज होते. 1947 साली आधुनिक वळणाच्या तरुण चित्रकारांचा प्रोग्रेसिव्ह ग्रुप उभा राहिला तो याच अकादमिक वळणाला पाठ दाखवून. तेव्हापासून आपल्याकडे निसर्गचित्र म्हटलं की दिवाणखान्यात लावायची वस्तू, असा एक शिक्का बसला. तो शिक्का मला मान्य नाही, आणि त्याचं कारण मला इथे, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात सापडलं.

मी ब्लूमिंग्टनला राहते. इथून पूर्वेला ब्राऊन काउंटीच्या टेकड्या आहेत आणि त्यांतल्या एका टेकडीवर थिओडोर क्लेमेंट स्टील या चित्रकाराचं घर आहे. जन्म 1847, याच राज्यातल्या ओवेन काउंटीतला. पोट भरायला माणसांची व्यक्तिचित्रं करायचा. इंडियानापोलिसमधल्या हरमन लीबर या कलाप्रेमी व्यापाऱ्याने आणखी काही लोकांना जमवून पैसे उभे केले आणि 1880 मध्ये स्टील बायकोमुलांसह म्युनिकच्या अकादमीत गेला. तिथे पाच वर्षं तो जर्मन पद्धतीचे गडद, तपकिरी रंग शिकला.

मामेभावाच्या न्यायाने पाहिलं तर हाही विलायती धडाच. पण 1885 मध्ये तो परत आला, न्यूयॉर्क न गाठता इंडियानातच राहिला, आणि त्याचे रंग हळूहळू बदलत गेले. इथला उन्हाळा म्युनिकच्या रंगांत मावेना. इथली हवा दमट असते. दुपारी लांबच्या टेकड्या निळसर-जांभळ्या दिसतात, शरद ऋतूत झाडं पेटल्यासारखी लाल होतात. ते पकडायला उघड्यावर बसावं लागतं, म्हणून त्याने चित्रं काढण्यासाठी एक घोडागाडी करून घेतली होती. 1894 मध्ये शिकागोत त्याचं आणि आणखी चार जणांचं प्रदर्शन झालं, आणि ‘हूझियर’ म्हणजे इंडियानाचे चित्रकार म्हणून ते ओळखले जाऊ लागले. बदलता उजेड टिपणारा दृक्प्रत्ययवाद (इम्प्रेशनिझम) फ्रान्समधला, कुंचल्याचं वळण जर्मनीतलं, आणि तरी त्या टेकड्या कुणा दुसऱ्याच्या आहेत असं इथे मला कुणी म्हणालेलं नाही.

1907 मध्ये सेल्मा या दुसऱ्या पत्नीसह तो या टेकडीवर राहायला आला. जमीन नापीक, रस्ते चिखलाचे. व्हरांड्याच्या जाळीतून वारा गुणगुणायचा म्हणून घराचं नाव ठेवलं ‘गाणाऱ्या वाऱ्यांचं घर’. सेल्माने त्या रखरखीत उतारावर बाग फुलवली. तिच्या वाट्याला आलेलं श्रेय मला फार कमी वाटतं. 1926 मध्ये स्टील गेला, आणि 1945 मध्ये तिने 211 एकर जमीन, घर आणि तीनशेहून अधिक चित्रं राज्याला देऊन टाकली. आज तिथे शाळेच्या सहली येतात.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा चित्रातला देखावा बाहेर शोधत उभी राहिले. सापडेना. स्टीलच्या काळात या टेकड्यांवरची झाडं तुटलेली होती, म्हणून नजर दूरवर जायची. आता जंगल पुन्हा दाट झालंय. तो विस्तार आता फक्त कॅनव्हासवर उरलाय. तिथे उभी असताना मला आमचं गिरगावचं चित्र आठवलं.

कारण आपल्याकडे उलट घडलं. इंडियानात झाडांनी देखावा झाकला, मुंबईत भरावाने आणि काँक्रीटने. 2024 मध्ये कोस्टल रोड सुरू झाला, प्रवास सोपा झाला, आईला वरळीला डॉक्टरांकडे नेणं भावाला सुकर झालं. तो रस्ता नको होता असं इथे बसून म्हणण्याचा अधिकार मी घेत नाही. पण किनाऱ्याची रेषा बदलली हे तर खरं. ती रेषा पूर्वी कशी होती, संध्याकाळी पाण्याला कोणता रंग यायचा, हे ज्यांनी तिथे बसून पाहिलं आणि कागदावर उतरवलं, त्यांना ‘साहेबाची नक्कल’ म्हणून आपण मोडीत काढायचं?

एम. के. परांडेकरांनी समुद्र रंगवला. ल. ना. तासकरांनी देवळाभोवतीची वर्दळ आणि उन्हातले रस्ते रंगवले. सा. ल. हळदणकरांनी दादरला स्वतःची कलासंस्था चालवून पिढ्या शिकवल्या. आणि आबालाल रहिमान! जे. जे. मध्ये शिकून नाव मिळवलेला हा माणूस कोल्हापूरला परतला आणि कोटितीर्थ तळ्याच्या परिसरात चित्रं काढत राहिला. स्टीलशी त्याचं नातं मला सगळ्यात जवळचं वाटतं. दोघांनीही शिक्षण बाहेर घेतलं आणि आयुष्य एका छोट्या जागेला दिलं. एकाच तळ्याकडे वर्षानुवर्षं पाहत राहिलेली नजर उसनी राहत नाही.

फरक आहे तो पुढचा. आबालालचं 211 एकरांचं घर नाही, आणि मुंबईत तर 211 चौरस फुटांवरून भांडणं होतात. इंडियानाला हे परवडलं कारण ती जमीन स्वस्त होती. मुळात ती इथल्या आदिवासी जमातींकडून तहांनी काढून घेतलेली. तेव्हा इथलं जसंच्या तसं तिकडे न्या, असं मी म्हणत नाही. पण ज्या वस्तीचं चित्र आहे त्या वस्तीतल्या मुलांना ते पाहायला मिळावं, एवढं तरी मुंबईला जमावं. वॉर्डातल्या वाचनालयात, पालिकेच्या शाळेच्या जिन्यावर चांगल्या छपाईच्या प्रती लावता येतील. मूळ चित्रं संग्रहालयांत सुरक्षित राहू देत. घराघरांत पडलेल्या बेनाम जलरंगांची निदान नोंद तरी कुणी करायला हवी, कारण चाळी पडताहेत आणि चित्रं कबाड्याकडे चालली आहेत.

हे सगळं मी मामेभावाला सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. परवा त्याने चौकट उतरवून मागची पाठ उघडली आणि फोटो पाठवला. कागदाच्या मागे पेन्सिलीने मराठीत लिहिलंय, “चौपाटी, भरती, साडेपाच.” मी त्याला लिहिलं की ते मला पाठवू नकोस, इथल्या भिंतीवर ते पोरकं होईल. तर त्याने नव्या इमारतीचा नकाशा पाठवला आणि विचारलं, “पश्चिमेची भिंत कोरडी राहील का गं? जलरंगाला ओल चालत नाही.”